राजा कुठं चालला?

पोळ्याच्या आठवड्यात विदर्भातल्या कोणत्याही प्राथमिक शाळेत डोकावा. पहिली-दुसरीच्या भिंतीवर बैलच बैल. कागदाचे, पुठ्ठ्याचे, पाठीवर कापूस चिकटवलेले, शिंगांना चमकी लावलेले. मुलं दोन दिवस डिंकात माखलेली असतात, गुरुजी फोटो काढून केंद्राच्या गटावर टाकतात, वरून अंगठे येतात. सण संपला की बैल कपाटामागे जातात. एवढ्या सगळ्या बैलांखाली वाचायला एक ओळ नसते. असलीच तर ‘बैल हा उपयुक्त प्राणी आहे’ ही असते. ती सहा वर्षांच्या पोराला वाचता येत नाही आणि वाचता आली तरी त्याला त्यात नवं काही कळत नाही.

मी वर्धा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. दोन वर्ग, एक खोली आणि मी एकटी, असा आमचा संसार. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटी उघडते आणि पोळा येतो श्रावण अमावास्येला. म्हणजे पहिलीची मुलं शाळेत रुळलेली असतात, दहा-पंधरा अक्षरं ओळखीची झालेली असतात, पण अजून वाचत नसतात. ‘कमळ’, ‘नमन’, ‘सरबत’ असे शब्द सुटे सुटे लावतात आणि शेवटच्या अक्षराला पोचेस्तोवर पहिलं विसरतात. नेमक्या या टप्प्यावर सण मदतीला येतो. पोळ्यात काय काय होतं हे मुलाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. बैल नाल्यावर धुतात, खांदे शेकतात, शिंगं रंगवतात, झूल घालतात, तोरणाखाली उभे करतात, मग घरी पुरणपोळी. पुढे काय येणार हे ज्याला माहीत आहे, त्याला ओळीतलं अडलेलं अक्षर कोड्यासारखं वाटतं, भिंतीसारखं वाटत नाही.

असा ओळखीचा मजकूर सगळ्यांनी मिळून वाचण्याला आम्ही सहवाचन म्हणतो. न्यूझीलंडचे शिक्षक डॉन होल्डवे यांनी ते नीट मांडलं. त्यांचं ‘द फाउंडेशन्स ऑफ लिटरसी’ हे पुस्तक १९७९ साली आलं. त्यांनी पाहिलं होतं की काही मुलं शाळेत येण्याआधीच वाचनाला सरावलेली असतात, कारण झोपण्याआधी आई-बाप त्यांना मांडीवर घेऊन तेच ते पुस्तक पुन्हा पुन्हा वाचून दाखवतात. मूल चित्र बघतं, अक्षरं बघतं, मधेच आपणच वाक्य पुरं करतं. मग हे सुख वर्गातल्या तीस मुलांना एकदम कसं द्यायचं? त्यांचं उत्तर साधं होतं. पुस्तकच एवढं मोठं करायचं की मागच्या पोरालाही अक्षर दिसेल.

एकत्र वाचणं आपल्याला नवीन नाही. श्रावणात एक बाई कहाणी वाचते आणि बाकीच्या हातात अक्षता घेऊन ऐकतात. आमच्या भागात घराघरांत ‘गजानन विजय’चे एकवीस अध्याय पारायणाला असतात, तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ गावात बसून वाचली जाते. मुलं हे बघतच मोठी होतात. पण पोथी वाचणाऱ्याच्या पुढ्यात असते, ऐकणाऱ्यांना तिचं पान दिसत नाही. सहवाचनात पान सगळ्यांचं असतं. कान आणि डोळा एकाच वेळी एकाच शब्दावर यावेत, यासाठी तर हा खटाटोप.

मोठ्या पुस्तकासाठी पैसे लागत नाहीत. आमच्या चौकात वर्षभर कोणा ना कोणा भाऊंचा वाढदिवस असतोच. फलक उतरला की मी मागून घेते. ज्याची मागची बाजू पांढरी, तो माझ्या कामाचा. सारखी पानं कापायची, कडेच्या भोकांतून सुतळी ओवायची, झालं पुस्तक. पावसाळ्यात ते भिजत नाही आणि पोरांनी ओढलं तरी फाटत नाही. पुढच्या पानावर बैल आणि मागून भाऊंचा हात जोडलेला फोटो असं कधी कधी होतं, त्याला इलाज नाही. अक्षर तीन बोटं उंच ठेवते. एका पानावर दोनच ओळी आणि त्या दर पानावर एकाच जागी. शब्दांमध्ये ऐसपैस जागा सोडते, कारण देवनागरीत शिरोरेघ जिथं तुटते तिथं शब्द संपतो, आणि पहिलीच्या मुलाला ही तूट दिसावी लागते. ओळीवर फिरवायला तुरीच्या झाडाची वाळकी काडी घेते. आमच्याकडे तिला तुराटी म्हणतात. छडीचं एवढंच काम आता शाळेत उरलं आहे, ते चांगलंच झालं.

मजकूर मात्र विचार करून लिहावा लागतो. आमच्या पोळ्याच्या पुस्तकाचं नाव ‘राजा कुठं चालला?’ राजा म्हणजे बैल, आमच्याकडचा पांढरा गवळाऊ. दर पानावर आधी हाच प्रश्न, खाली उत्तर. राजा नाल्यावर चालला. राजा रंगवायला चालला. राजा तोरणाखाली चालला. शेवटच्या पानावर राजा ताटाकडे चालला. प्रश्न बदलत नाही, उत्तरातला एकच शब्द बदलतो, आणि तो शब्द चित्रात आहे. मुलांना तिसऱ्या पानापर्यंत या मजकुराची चाल सापडते आणि चौथं पान ती माझ्याआधी म्हणतात.

हे सगळं रोज वीस मिनिटं, आठवडाभर. सणाच्या आधी चार-पाच दिवस सुरू करायचं, कारण सणाच्या दिवशी वर्गात कोणी नसतं. पहिल्या दिवशी फक्त मुखपृष्ठ आणि गप्पा, मग एकदा सलग वाचन. त्या दिवशी मी काही विचारत नाही. गोष्ट रंगात आली असताना ‘यातला च कुठं आहे दाखव’ असं विचारणाऱ्या शिक्षकाला मुलं मनातल्या मनात काय म्हणत असतील, देव जाणे. दुसऱ्या दिवशी प्रश्नाची ओळ मुलांची, उत्तराची माझी. तिसऱ्या दिवशी उलट.

मग काडी मुलाच्या हातात जाते आणि खरी गंमत सुरू होते. ‘राजा नाल्यावर चालला’ यात शब्द तीन आहेत. पण मूल तोंडानं ‘रा’ म्हणतं आणि काडी पहिल्या शब्दावर ठेवतं, ‘जा’ला दुसऱ्यावर, ‘ना’ला तिसऱ्यावर. ओळ संपली, बोलायचं तर अजून बरंच बाकी. ते गोंधळून माझ्याकडे बघतं, मग पुन्हा सुरुवातीला जातं. बोललेला एक शब्द म्हणजे शिरोरेघेखालचा एक तुकडा, हे मुलाला कोणी सांगून कळत नाही. दोन-चार दिवस काडी चुकत चुकत एक दिवस बरोबर पडते. त्या दिवशी मी त्याच्या नावापुढे वहीत खूण करते, कारण इथून पुढे ते वाचणार हे मला ठाऊक असतं.

चौथ्या दिवशी मी एका शब्दावर कागदाची पट्टी लावून तो झाकते. ‘राजा’, पट्टी, ‘चालला’. चित्रही हाताने झाकलेलं. आता सांगा, कुठं? ‘मारोतीजवळ!’ ‘घरी!’ ‘पाटलाच्या वाड्यावर!’ सगळी उत्तरं अर्थाला धरून आहेत, एकही चूक नाही. हे ऐकून घ्यायचं, फळ्यावर लिहायचं. मग पट्टी थोडी सरकवायची. ‘तो’ दिसतो. मागून कोणीतरी ओरडतं, ‘तोरण!’ अजून सरकवा. शब्द तोरणापुढे लांब आहे. ‘तोरणाजवळ?’ शेवटचं अक्षर उघडते. ‘ली’. ‘तोरणाखाली!’ या दोन मिनिटांत मुलांनी अर्थ वापरला, वाक्याची घडण वापरली, अक्षरं वापरली, शब्दाची लांबीसुद्धा वापरली. मोठी माणसं वर्तमानपत्र वाचताना हेच सगळं करतात, फक्त फार वेगानं.

मुलींना हा खेळ लगेच जमतो, त्याला कारण आहे भुलाबाई. आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई बसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलोजी-भुलाबाई, रोज संध्याकाळी मुलींची गाणी आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. डबा हलवून आवाज ऐकवतात. गोड की तिखट, कोरडं की ओलं, एकेक प्रश्न विचारत मुली उत्तराजवळ सरकतात. पट्टीखालचा शब्द ओळखणं याच जातीचं आहे. कोजागिरीच्या सुमारास मी वर्गात खाऊचाच खेळ ठेवते. डब्यात खाऊ आणि डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तीन ओळी. ‘मी गोल आहे. मी गोड आहे. माझ्यात तीळ नाहीत.’ चिठ्ठी वाचली तर खाऊ कळतो. वर्गात मुलगेही खेळतात आणि घरी बहिणींना शहाणपण शिकवतात.

या पद्धतीवर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. ‘मॅडम, पोरांना पाठ झालंय, ती वाचत थोडीच आहेत?’ खरं आहे, पहिले तीन दिवस ती पाठच म्हणतात. काही छताकडे बघून म्हणतात. पण पाठ असलेला मजकूर डोळ्यासमोर असणं ही वाचनाची पहिली पायरी आहे. तिथं थांबलं तर मात्र आक्षेप घेणारा जिंकला. म्हणून पाचव्या दिवशी मी ओळी पट्ट्यांवर लिहून आणते आणि फरशीवर उलटसुलट टाकते. नाल्यावर जाण्याआधी राजा ताटाकडे जातो का? लावा क्रमानं. मग एक पट्टी कात्रीनं शब्दांत कापते. मग ‘चालला’ हा शब्द फळ्यावरच्या वेगळ्याच वाक्यात लपवते, ‘बाबा बाजारात चालला’. ज्याला नुसतं पाठ आहे ते इथं अडतं, आणि अडलं की मला कळतं की याच्यासोबत अजून बसायला हवं.

आणखी एक सांगून ठेवते. सहवाचन केलं म्हणजे अक्षरं शिकवायला नकोत असं नाही. पहिली वेलांटी अक्षराआधी दिसते पण नंतर उच्चारली जाते, ‘ल्या’मध्ये अर्धा ल दडलेला असतो, हे वेगळं बसून शिकवावंच लागतं. दोन्ही गोष्टी रोज हव्यात. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं यासाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ सुरू केलं आणि २०२६-२७ ची मुदत घातली. तेव्हापासून मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजायची घाई फार झाली आहे. समजून वाचणं मोजायचं राहून जातं.

सण झाल्यावर मुलं परत येतात तो दिवस माझ्या मते सगळ्यात मोलाचा. प्रत्येकाकडे बातमी असते. मी कोरी पानं घेऊन बसते, ती सांगतात, मी त्यांच्यासमोर मोठ्यानं म्हणत लिहिते. अशाच एका दिवशी एक पोरगं गप्प बसलं होतं. विचारलं तर म्हणालं, ‘आमच्या घरी बैल नाही, टॅक्टर हाये.’ सगळे हसले. मी विचारलं, मग पोळ्याला काय केलं? ‘आमी टॅक्टरले हार घातला. बाबानं नारळ फोडला.’ ते मी जसंच्या तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या आणखी काही घरांतून ट्रॅक्टर निघाले. बैलजोडी आता सगळ्यांकडे राहिलेली नाही, हे पाठ्यपुस्तकातल्या पोळ्याला अजून कळायचं आहे. आमच्या वर्गात मात्र पोळ्याची दोन पुस्तकं झाली, आणि ट्रॅक्टरचं जास्त वाचलं जातं.

‘टॅक्टरले’ असं लिहावं का, हा वाद शिक्षकांच्या बैठकीत चांगला रंगतो. माझं मत पक्कं आहे. मुलानं जे सांगितलं तेच पानावर दिसलं पाहिजे, नाहीतर लिहिणं म्हणजे बोलणंच असतं हा विश्वास त्याला कसा बसणार? आमच्या मुली ‘मी गेली’ म्हणतात. पहिलीत मी तसंच लिहिते. दुसरीत त्याच पानाच्या शेजारी पुस्तकातलं वाक्य लिहून दोन्ही वाचतो. मुलांना दोन्ही भाषा राखता येतात. अडचण आपल्याला होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडाचे नंदीबैल सजवून मुलं घरोघरी नेतात आणि बोजारा म्हणून पैसे, खाऊ मिळवतात. पण वाचनाला फार उपयोगी पडतात त्या मोठ्या पोळ्यात तोरणाखाली म्हणायच्या झडत्या. एक जण यमकातल्या ओळी म्हणतो आणि शेवटी सगळा गाव मिळून ‘हर हर महादेव’ करतो. ठेका, यमक आणि सगळ्यांनी म्हणायची एक ठरलेली ओळ. याहून चांगला सहवाचनाचा मजकूर पैसे देऊन मिळणार नाही. दुसरीची मुलं नवी झडती रचतात. शाळेच्या गळक्या कौलांवर, खिचडीतल्या डाळीवर, माझ्या गाडीच्या हॉर्नवर. मी लिहून घेते, पहिलीची वाचतात. एका खोलीत दोन वर्ग असण्याचा हा फायदा.

दसऱ्याला जरा सांभाळून चालावं लागतं, आणि तेच मला आवडतं. आमच्या वर्गात काही मुलं आपट्याची पानं वाटतात, तर काहींच्या घरची माणसं पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षाभूमीवर जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, विजयादशमीच्या दिवशी, तिथं धम्मदीक्षा घेतली. तिथं पुस्तकांची दुकानं ओळीनं लागतात आणि माणसं येताना पिशवीभर पुस्तकं घेऊन येतात. वाचनाशी इतकं थेट नातं असलेला दुसरा सण मला माहीत नाही. म्हणून दसऱ्याचं आमचं पुस्तक एकाच वाक्याचं असतं. ‘दसऱ्याला मी... ’ आणि पुढची जागा ज्याची त्यानं भरायची. प्रत्येकाचं एक पान, खाली त्याचं चित्र. सोनं वाटणारा दीक्षाभूमीचं पान वाचतो, दीक्षाभूमीला गेलेली सोन्याचं. ईदला शीरखुर्म्याचं पान तसंच येतं. कोणता सण कोणाचा यावर मला भाषण द्यावं लागत नाही, आणि द्यायचंही नाही.

दिवाळीत शाळाच नसते. सुट्टीआधी प्रत्येकाला साध्या कोऱ्या कागदाची घडी घालून, मधे एक काप देऊन, आठ पानांचं छोटं पुस्तक करायला शिकवते. मोठ्या पुस्तकातला मजकूर त्यात मुलं उतरवतात आणि घरी नेऊन आजीला, बाबांना वाचून दाखवतात. संक्रांत, होळी यांना मी दर वर्षी हात लावत नाही. प्रत्येक सणाला उपक्रम केलाच पाहिजे असं मानलं की मजकूर पातळ होतो आणि मुलं कंटाळतात. वर्षाला तीन-चार चांगली पुस्तकं पुष्कळ झाली. ती दोरीवर टांगून ठेवावीत, मुलं मधल्या सुट्टीत आपणहून काढतात. भर पावसाळ्यात दसरा वाचणारी पोरं मी पाहिली आहेत.

तयार पुस्तकं हवी असतील तर ‘प्रथम बुक्स’नं २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी चित्रकथा फुकट मिळतात. त्या मोठ्या पडद्यावर दाखवता येतात आणि छापताही येतात. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं वर्गात असावीतच, कारण त्यांतली मुलं आपल्या घरातल्यासारखी बोलतात. पण पहिलं पुस्तक आपल्या गावच्या सणाचं आणि आपल्या हातानं केलेलं असावं, हा माझा आग्रह आहे. त्यात नाल्याला त्याचं खरं नाव असतं आणि चित्रातलं घर कोणाचं आहे हे मुलांना ओळखू येतं.

शिक्षक नसलात तरी तुम्हाला यात करण्यासारखं आहे. गावातल्या कोणाच्याही वाढदिवसाचा फलक उतरला आणि मागून पांढरा निघाला, तर त्याचं आच्छादन करून गोठ्यावर टाकण्याआधी जवळच्या शाळेत विचारा. सोबत एखादा जाड काळा मार्कर दिलात तर फार बरं, तो मात्र आम्हाला आमच्याच पगारातून घ्यावा लागतो.